विद्यार्थ्याची पंगत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात जी शाळा उभी राहिली, तिचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक बहुधा तीन गोष्टींकडे लक्ष देतात: अभ्यासक्रम, शिक्षणसंस्था आणि संस्थापक. कोणत्या साली कोणती शाळा निघाली, तिला सरकारी अनुदान कधी मिळाले, तिच्यातून कोणते पुढारी बाहेर पडले, याची नोंद चोख असते. शाळेत जाणारा मुलगा दोन वेळा जेवत कोठे होता, हा प्रश्न मात्र या इतिहासांत क्वचितच विचारला जातो. मराठी आत्मचरित्रांत तो पानोपानी आहे. शिक्षणाच्या इतिहासाने जे गाळले ते आत्मचरित्राने जपले, अशी ही स्थिती असल्याने प्रस्तुत विषयाचा माग काढताना साहित्याच्या अभ्यासकाला संकोच करण्याचे कारण नाही.

प्रश्न साधा वाटतो, पण तो तसा नाही. गावात चौथीपर्यंतची शाळा असे. इंग्रजी शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी. म्हणजे दहाबारा वर्षांच्या मुलाने शिकायचे ठरवले की त्याला पहिल्यांदा घर सोडावे लागे. घर सोडले की जेवण, निजण्याची जागा, दिव्याचे तेल, आजारपणात उशाशी बसणारे माणूस, हे सारे एकदमच सुटे. फी भरणे ही त्यानंतरची अडचण. ‘विद्यार्थिसाहाय्य’ हा शब्द आज आपण शिष्यवृत्तीच्या अर्थाने वापरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ प्रथम अन्न असा होता. आणि अन्न म्हटले की आपल्या समाजात पंक्तीचा प्रश्न आलाच. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या शेजारी बसावे, हे ज्या समाजात जन्मानेच ठरलेले होते, तेथे विद्यार्थ्याच्या पोटाची व्यवस्था ही केवळ दयेची बाब राहू शकत नव्हती.

या व्यवस्थेचे सर्वांत जुने रूप म्हणजे माधुकरी आणि वार. माधुकरी म्हणजे घरोघर जाऊन शिजवलेल्या अन्नाची भिक्षा मागणे. मधमाशीने फुलाफुलांतून थोडे थोडे घ्यावे तसे, म्हणून हे नाव. ब्रह्मचर्याश्रमातील धर्मविहित भिक्षेशी तिचे नाते असल्यामुळे तिच्यात उघड कमीपणा मानला जात नसे. वार लावणे ही त्यामानाने अलीकडची, शहरी सोय. आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून द्यायचे. सोमवारी अमुकांकडे, मंगळवारी तमुकांकडे. पुणे, नाशिक, सातारा, रत्नागिरी अशा ठिकाणी कितीतरी मुले अशी वारांवर वाढली. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी एकादशी नसतानाही उपवास घडे. शहरातील ब्राह्मणवस्तीने हा भार पिढ्यान् पिढ्या उचलला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. ही सोय त्या एका वर्णापुरती होती, हेही त्याच वाक्यात नमूद केले पाहिजे. कुणब्याचा किंवा महाराचा मुलगा कोणाच्या ओसरीवर वार लावणार होता?

वारांच्या जेवणाबद्दल त्या पिढीने जे लिहिले त्यात तक्रार फारशी नाही, आणि हाच त्या लेखनाचा लक्षणीय विशेष होय. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल पायी गेल्याची आणि तेथे वय लहान दिसते म्हणून परत पाठवले गेल्याची हकीकत ते ज्या निर्विकारपणे सांगतात, तो निर्विकारपणा वाचकालाच अस्वस्थ करतो. धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’त काशीच्या अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकण्याचा काळ येतो. त्यांचाही सूर असाच कोरडा आहे. या पिढीला आपल्या हालांचे वाङ्मय करायचे नव्हते. हाल हा शिक्षणाचा स्वाभाविक खर्च आहे, असे ती धरून चालली होती. गोपाळ गणेश आगरकरांचा एकच सदरा आणि तो रात्री धुऊन सकाळी घालणे ही कथा तर पुढे इतकी सांगितली गेली की तिच्यातील दैन्य नाहीसे होऊन ती एक प्रकारची अलंकृती झाली. चरित्रकारांचा आणखी एक आवडता अलंकार म्हणजे रस्त्यावरचा म्युनिसिपालिटीचा दिवा. आपल्याकडील किती थोर पुरुषांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला याची मोजदाद केली, तर त्या काळच्या नगरपालिकांकडे तितके खांब होते की नाही अशी शंका येईल. विनोद बाजूला ठेवला तरी या कथांनी एक अनिष्ट गोष्ट केली. गरीब विद्यार्थ्याने सोसलेच पाहिजे, सोसण्यातूनच तो मोठा होतो, ही समजूत त्यांनी रूढ केली. ज्यांना सोसवले नाही, जे मधूनच गावी परतले, ज्यांच्या छातीत पुण्याच्या दमट खोलीतच क्षय शिरला, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत.

कर्व्यांच्या उदाहरणात दुसरीही एक वाट दिसते. मुंबईत स्वतः शिकवण्या करून संसार चालवीत असताना त्यांनी नात्यातील व गावातील मुलांना आपल्या बिऱ्हाडी ठेवून घेतले. त्यांतलेच एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. मुरूडसाठी त्यांनी आपल्या प्राप्तीतून फंडही काढला. घरच्या माणसाने घरातच बोर्डिंग चालवावे, अशी ही रीत मध्यमवर्गात पुढे दोन पिढ्या टिकली. तिचा भार कोणावर पडत होता, हे मात्र पुरुषांच्या आत्मचरित्रांत ओझरतेच येते. चार जणांच्या स्वयंपाकात आठ जणांचे भागवणारी बाई त्या पानांवर ‘घरातील मंडळी’ या शब्दांत सामावली जाते.

ब्राह्मणेतर समाजांत शिक्षणाची आच महात्मा फुले यांच्या कार्यापासून निर्माण झाली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी शिक्षणावरचा खर्च वरच्या थरांत मुरतो आणि तो ज्यांच्या करांतून येतो त्यांच्या मुलांपर्यंत पोचत नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने होतकरू मराठा मुलांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांचे उच्च शिक्षण अशाच मदतींवर झाले. पण शिष्यवृत्ती ही एकेका मुलाला उचलते. खेड्यातून मुलांचे थवेच्या थवे शहरात यावेत आणि टिकावेत, यासाठी निवाऱ्याची गरज होती. ती ओळखण्याचे आणि भागवण्याचे श्रेय कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडे जाते.

शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते सर्व जातींसाठी होते. काही वर्षांतच त्यात व्यवहारतः ब्राह्मण विद्यार्थीच उरले. कोणी कोणाला हाकलून दिले होते असे नव्हे. स्वयंपाकघर ज्यांच्या हाती, पंगत ज्यांच्या सोवळ्याची, त्यांचीच ती वास्तू होते, हा त्या समाजाचा नियमच होता. नियमाने खुली असलेली संस्था चालीरीतीने बंद कशी होते, याचा हा धडा महाराजांनी लगेच ओळखला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच सुमारास जैनांचे बोर्डिंग निघाले. पुढील दशकात मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. महाराजांच्या हयातीत ही संख्या विसापलीकडे गेली. इमारती, जमिनी, वार्षिक नेमणुका या रूपाने दरबारने त्यांना आधार दिला आणि प्रत्येक समाजाला आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी गोळा करायला लावली. नाशिकच्या उदोजी मराठा बोर्डिंगसारख्या संस्थानाबाहेरच्या संस्थांनाही त्यांचे साहाय्य झाले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेदाला खतपाणी घातले, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला व नंतरही अधूनमधून घेतला जातो. आक्षेपाची भाषा उदात्त आहे. तिच्या मागचा अनुभव तोकडा आहे. ज्या मुलाला घरी कोणी पाटी धरायला शिकवली नव्हती, त्याला १९०१ साली ‘सर्वांसाठी’ असलेल्या पंक्तीत पाठवणे म्हणजे त्याला पंक्तीच्या टोकाला बसवणे होते. आपल्याच लोकांत तो निदान मोकळेपणाने बोलत होता, उच्चाराला कोणी हसले नाही तर मोठ्याने वाचत होता. अभ्यासाला मन स्वस्थ लागते, आणि ते स्वस्थ व्हायला आधी अपमानाची भीती जावी लागते. एवढी मानसशास्त्रीय जाण त्या योजनेत होती. ती शब्दांत मांडली गेली नाही, म्हणून ती नव्हती असे समजण्याचे कारण नाही. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. त्याच्या आधी सोळा वर्षे वरच्या वर्गांतील मुलांच्या निवाऱ्याची सोय सुरू झाली होती, हा क्रमही विचार करण्याजोगा आहे. शिकून बाहेर पडलेली मुले असल्याशिवाय खेड्यांत शिकवायला जाणार कोण?

परंतु जातीच्या वसतिगृहाची मर्यादाही कोल्हापुरातच, आणि लवकरच, उघडी पडली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे राजाराम हायस्कुलात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. अभ्यासात भाऊरावांची गती बेताचीच होती. मॅट्रिकपर्यंतही ते पोचले नाहीत. विद्यार्थी म्हणून अपयशी ठरलेल्या माणसाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी व्यवस्था उभी करावी, यात विरोधाभास पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. मला त्यात सुसंगतीच दिसते. हुशार मुलाला शाळा जेवढी दिसते, त्यापेक्षा मागे पडलेल्याला ती अधिक दिसते. भाऊरावांनी शाळेच्या बाकाकडे कधी फार लक्ष दिले नाही. त्यांनी भोजनगृहाकडे पाहिले.

ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले, त्या हिंडण्यात सातारा जिल्ह्याची खेडी त्यांना पाठ झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, जी मुले आली ती सारी एका घरात राहू लागली आणि एका चुलीवरचे जेवू लागली. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढली त्याचेच नाव जाती मोडणाऱ्या वसतिगृहाला द्यावे, ही भाऊरावांची ऐतिहासिक जाण होती. शाहूंच्या कामाला त्यांनी नाकारले नाही. त्याचे पुढचे पाऊल आपण टाकीत आहोत, असे त्यांनी मानले.

या पंक्तीची खरी परीक्षा कोठे झाली हे पाहायचे तर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याकडे वळावे लागते. सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या घरातून आलेल्या या बाईंच्या स्वयंपाकघरात एके दिवशी नाना जातींची मुले येऊन बसली. त्यांच्या मनात त्या वेळी काय झाले असेल याची नोंद कोणी केली नाही. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. मुलांच्या शिध्यासाठी त्यांनी एकेक करून दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. मंगळसूत्राची गोष्ट भाषणांतून वारंवार येते. सणासमारंभाला ती ऐकून डोळे पाणावतात. मला त्या गोष्टीपेक्षा अधिक मोलाची वाटते ती तिच्या अलीकडची रोजची गोष्ट: आजारी पोराला वेगळी पेज करून देणे, घरच्या आठवणीने रडणाऱ्याला चुलीपाशी बसवून घेणे, कोणी कमी जेवला तर त्याचे कारण विचारणे. वसतिगृहाच्या अहवालात यासाठी रकाना नसतो. पण मूल टिकते की पळून जाते, हे बहुधा याच गोष्टींवर ठरते.

खर्च भागवण्याची भाऊरावांची रीतही पाहण्यासारखी आहे. धनिकांच्या देणगीवर त्यांचा विश्वास नव्हता असे नाही. पण ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनीच आपल्या घासातला घास द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे, हा मुष्टिफंड खेड्यापाड्यांतील बायकांनी चालवला. माधुकरीत विद्यार्थी दारोदार जाई. येथे धान्यच विद्यार्थ्याच्या दाराशी येऊ लागले. देणारा आणि घेणारा यांच्यातील उंचीचा फरक त्यामुळे कमी झाला. उरलेला फरक श्रमाने नाहीसा करायचा होता. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राचा उगम येथे आहे. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर काम करावे, आपले अन्न पाळीपाळीने आपणच शिजवावे. कोणाचे उपकार नकोत. १९४० मध्ये साताऱ्यास सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर उभे होते. संस्थेच्या ब्रीदात स्वावलंबन हा शब्द आहे, तो शोभेचा नाही.

येथे टीकाकाराला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. दिवसभर अंग मोडून काम केलेला चौदा वर्षांचा मुलगा रात्री कंदिलाशी बसून बीजगणित सोडवू शकतो का? काहींनी सोडवले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले विद्यार्थी पुढे विलायतेस जाऊन आले, त्यांनी भाऊरावांचे चरित्र लिहिले आणि फुल्यांचे विचार इंग्रजीत नेले. अशी आणखी नावे आहेत. पण श्रमाचे तत्त्वज्ञान ज्या उत्साहाने सांगितले जाते, त्या उत्साहात एक गोष्ट विसरली जाते. ज्या घरांतील मुलांनी श्रम कधी केलेच नव्हते त्यांच्यासाठी श्रम हा संस्कार होता. ज्यांच्या सात पिढ्या श्रमातच गेल्या होत्या, त्यांच्या मुलाला शिक्षणाच्या दारातही पुन्हा खोरेच हाती धरावे लागले. भाऊरावांकडे दुसरा पर्याय नव्हता, हे खरे. पैसाच नव्हता. श्रमाचे मोल पुस्तकी शिक्षणाइतकेच आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, हेही खरे. तरीही त्यांची गरज पुढे जेव्हा इतरांच्या हाती आदर्श झाली, तेव्हा त्या आदर्शाच्या आड समाजाने आपली जबाबदारी टाळली की काय, हा प्रश्न उरतो. पुण्यात १९३२ मध्ये पुणे करारानंतर सुरू झालेल्या युनियन बोर्डिंगमध्येही हीच एकत्र पंगत होती. त्याआधी, १९२५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह चालवले होते. आंबेडकरांनी विद्यार्थ्याच्या वेळेचे मोल अधिक काटेकोरपणे मोजले, असे मला वाटते. अस्पृश्य मुलाला अभ्यासासाठी सलग तास मिळाले पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती. स्वतः त्यांनी ते तास कोणत्या किमतीला मिळवले हे त्यांना ठाऊक होते.

सातारा घडत असताना खानदेशात, अंमळनेरला, एक निराळा प्रयोग चालू होता. त्याला प्रयोग हे नाव त्याच्या कर्त्याने दिले नसते. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांचे स्वतःचे विद्यार्थिजीवन ओढगस्तीचे होते. पालगड, दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी ते शिकले; गरीब विद्यार्थ्याची सोय होते म्हणून औंधला गेले, हाताने रांधून खाल्ले, तेथे प्लेगने शाळा बंद पडली तेव्हा तेथूनही बाहेर पडावे लागले. ‘धडपडणारा श्याम’मध्ये या दिवसांची छाया आहे. ज्याला कोणी सांभाळले नव्हते त्याने सांभाळायचे ठरवले, की तो किती बारीकसारीक गोष्टींकडे पाहतो, याचे अंमळनेरचे छात्रालय हे उदाहरण आहे.

त्या काळच्या वसतिगृहांत पर्यवेक्षकाचे काम म्हणजे शिस्त. पहाटे उठवणे, हजेरी घेणे, उशिरा येणाऱ्यास दंड करणे. साने गुरुजी मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणे घडी करून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. मुले परत येत तेव्हा खोली लख्ख असे आणि कोणी केले हे कोणी सांगत नसे. पहिल्यांदा मुले हसली, मग संकोचली, मग स्वतःच खोल्या झाडू लागली. आजारी मुलाच्या उशाशी त्यांनी रात्री काढल्या. शिस्तीचा हा मार्ग लांबचा आहे आणि तो सर्वांना साधेल असे नाही. गुरुजींच्या अतिकोमल स्वभावाची चेष्टा त्या वेळीही झाली. समीक्षकांनी पुढे त्यांच्या लेखनातील भावविवशतेवर कठोरपणे बोट ठेवले, आणि वाङ्मयीन दृष्टीने ते बोट अस्थानी नव्हते. परंतु ती भावविवशता ज्या छात्रालयात कामास आली, तेथे तिचे रूप झाडू आणि ओला रुमाल असे होते, हे विसरून तिचा न्याय करता येणार नाही.

या छात्रालयातील एका गोष्टीकडे साहित्याच्या इतिहासकारांचे लक्ष जितके जावयास हवे होते तितके गेलेले नाही. गुरुजी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढीत: ‘छात्रालय दैनिक’. रोजचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून मुलांना वाचावयास ठेवीत. शाळेतील धडे, देशातील घडामोडी, थोरांच्या गोष्टी, छात्रालयातले प्रश्न असे सारे त्यात असे. अभ्यासाला साहाय्य म्हणजे शिकवणी, अशी आपली समजूत आहे. गणित चुकले तर ते पुन्हा समजावून द्यायचे. गुरुजींनी जाणले की खेड्यातून आलेल्या मुलाची मुख्य अडचण गणितात नाही. छापील मराठी आणि आपले जगणे यांच्यात त्याला दुवा सापडत नाही. रोज सकाळी कोणीतरी केवळ आपल्यासाठी लिहिले आहे, त्यात काल रात्रीच्या आपल्या भांडणाचाही उल्लेख आहे, ही जाणीव मुलाला वाचनाकडे नेते. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले, ते याच दैनिकाचे छापील भावंड म्हणता येईल. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ चार-पाच दिवसांत लिहिले. संध्याकाळच्या वेळी भोवती बसलेल्या मित्रांना श्यामने एकेक आठवण सांगायची, ही त्या पुस्तकाची घडण कल्पनेतून आलेली नाही. घराला पारख्या झालेल्या मुलांना घर सांगण्याची सवय लेखकाच्या वाणीला सहा वर्षे छात्रालयात लागली होती. मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एकाची शैली वसतिगृहाच्या ओसरीवर तयार झाली, असे विधान मी जबाबदारीने करतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. फीमाफी, शिष्यवृत्त्या, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, आदिवासी भागांतील आश्रमशाळा या मार्गांनी शासन पुढे आले. पुण्यात १९०९ साली माधुकरीच्या आधाराने सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने पुढे पुणे विद्यार्थी गृह हे नाव घेतले. १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम सुरू झाले. वारावर जेवणे हळूहळू कालबाह्य झाले आणि त्याची जागा खानावळीने घेतली. भाऊराव १९५९ मध्ये वारले तेव्हा संस्थेचा वटवृक्ष, जो तिच्या बोधचिन्हावर आहे, खरोखरच पारंब्यांनी जमिनीला टेकला होता.

याच वसतिगृहांतून पुढे मराठी साहित्यातील एक मोठी लाट आली. ‘बलुतं’ १९७८ मध्ये, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये, ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. दया पवारांचे संगमनेरचे वसतिगृह, सोनकांबळे यांची शाळकरी वयातील भूक, लक्ष्मण माने यांची बिऱ्हाडाबरोबर फिरत शिकण्याची कसरत, यांची तुलना कर्वे-कोसंबींच्या पिढीशी करून पाहावी. हाल दोन्हींकडे आहेत. कोरडा सूर मात्र गेला आहे. माधुकरी मागणाऱ्याला आपण समाजाचे ऋण घेत आहोत असे वाटे, आणि ते ऋण फेडता येईल याची त्याला खात्री होती. सरकारी वसतिगृहातील पातळ आमटीपुढे बसलेल्या दलित मुलाला ठाऊक असते की हे ऋण नाही, थकबाकी आहे. आणि तीही पूर्ण दिली जात नाही. त्यामुळे तो आमटीचे वर्णन करतो. अन्नाचा दर्जा, वाढप्याचा हात, ताटाची जागा, हे सारे प्रथमच मराठी गद्यात इतक्या तपशिलाने आले ते या लेखकांमुळे. काही समीक्षकांना या तपशिलाचा कंटाळा आला. शंभर वर्षे जो तपशील गाळला गेला होता तो एकदम समोर आल्यावर जागा तर व्यापणारच.

या सगळ्या संस्थांच्या कडेने, कोणत्याही अहवालात नाव नसलेली एक व्यवस्था पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अनेक वर्षे चालली, तिचा उल्लेख करून हे विवेचन थांबवतो. खेड्यातला मुलगा तालुक्याच्या गावी खोली करून शिकत असे. वसतिगृहात जागा मिळालेली नसे, खानावळ परवडत नसे. आई पहाटे भाकरी थापून, कोरड्यास भरून, डबा फडक्यात बांधून एस.टी.च्या पहिल्या गाडीवर देई. चालकाच्या बाजूला किंवा गाडीच्या टपावर अशा डब्यांची रांग असे. डब्यावर मुलाचे नाव आणि गाव रंगाने लिहिलेले, किंवा खिळ्याने कोरलेले. स्टँडवर मुले गाडीची वाट पाहत उभी असत. डब्याबरोबर कधी चिठ्ठी येई, आईला लिहिता येत नसेल तर धाकट्या भावाच्या हातची. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई, आणि भाकरी उरली होती की नाही, यावरून घरी कळे की पोरगे बरे आहे.